मिस्त्रीची गाडी

मुंबईत जुन्या गाड्यांची रॅली निघते, ती बघायला मी एकदा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मुद्दाम घेऊन गेले होते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथसमोर उभं राहिलेला हा माणूस. सिनेमा, सहल, लग्नकार्य कशातच फारसा रमत नाही. म्हटलं, निदान लोखंड तरी बघतील.

हॉर्निमन सर्कलपाशी गाड्या ओळीनं उभ्या होत्या. एका पांढऱ्या रोल्स-रॉइसभोवती ही गर्दी. रेडिएटरवरच्या त्या पंखवाल्या पुतळीशेजारी चेहरा नेऊन जो तो फोटो काढत होता. अण्णा पुतळीकडे बघेनातच. बॉनेटची एक बाजू उघडी होती. गुडघेदुखी विसरून ते तिथं उकिडवे बसले आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग उठून त्यांनी मडगार्डवर तळहात टेकवला. गाडीशेजारी उभा असलेला ड्रायव्हर म्हणाला, "चालेल काका, लावा हात."

"इंजिन चालू हाय न्हवं?" अण्णांनी विचारलं.

"चालू आहे की."

अण्णांनी हात काढला नाही. मला म्हणाले, "तू लाव." मी लावला. उन्हानं तापलेल्या पत्र्याची ऊब हाताला लागली, आणि त्याखाली अगदी बारीक, झोपलेल्या मांजराच्या पोटाला हात लावावा तशी थरथर. तेवढीच.

रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये डबा खाताना त्यांनी विचारलं, "ही गाडी केली कुणी?"

कुठल्या कंपनीची, किंमत किती, कुठल्या राजाची, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. कुणी केली, एवढंच. त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही. नंतर मी जे मिळेल ते वाचत गेले आणि तुकड्यातुकड्यांनी त्यांना सांगत गेले. त्यातलंच थोडं इथं लिहिते आहे.

ती गाडी केली एका पिठाच्या गिरणीवाल्याच्या पोरानं. हेन्री रॉइस, जन्म १८६३, इंग्लंडात पीटरबरोजवळच्या अल्वॉल्टन गावात, पाच भावंडांतला धाकटा. बापाची गिरणी बुडाली, पोटासाठी ते लंडनला आले, आणि हेन्री नऊ वर्षांचा असताना बाप गेला. पोरगा रस्त्यावर वर्तमानपत्रं विकू लागला, पुढं तारा पोचवू लागला. शाळा म्हणाल तर धड दोन वर्षंही नाही. आत्या-मावशीपैकी कुणीतरी वर्षाला २० पौंड भरायचं कबूल केलं म्हणून त्याला पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी मिळाली. तीन वर्षांनी तिच्याकडचे पैसे संपले आणि उमेदवारी अर्धवट राहिली. पुढं लीड्समध्ये आठवड्याला ११ शिलिंगांवर हत्यारं बनवण्याचं काम.

इथवर सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "मग आमच्यागतच की."

अण्णाही आयटीआय पुरं करू शकले नाहीत. वरच्या आळीतल्या एका मिस्त्रींच्या हाताखाली ते झाडू मारण्यापासून शिकले. आमच्या कोल्हापुरात 'मिस्त्री' हा शब्द हलका नाही. ज्या बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या मदतीनं स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवला, त्यांचं आडनाव मेस्त्रीच. म्हादबा मिस्त्रींचं नाव तर उद्यमनगरात अजून आदरानं घेतात. इंजिन उघडून, बघून, तसंच नवं करणारी ही माणसं.

रॉइसनंही नेमकं तेच केलं. १८८४ मध्ये त्यानं मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर स्वतःचं वर्कशॉप टाकलं. त्याचे २० पौंड, भागीदार अर्नेस्ट क्लेअरमाँटचे ५०. राहायला वर्कशॉपच्या वरचीच खोली. विजेच्या घंटा, दिव्यांचं सामान, मग डायनॅमो, मग क्रेन. माल चोख, म्हणून नाव झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी स्वस्त मालानं धंदा बसायला लागला, तब्येतही बिघडली. त्याच सुमारास त्यानं एक जुनी फ्रेंच गाडी घेतली, देकोव्हिल. गाडी वाईट नव्हती. पण रॉइसला तिचा आवाज सहन होईना, हादरे सहन होईनात. त्यानं ती खोलली आणि एकेक भाग हातात घेऊन, हा याहून चांगला कसा करता येईल, ते बघत बसला. शेवटी ठरवलं, आपणच करू.

१ एप्रिल १९०४. दोन सिलिंडरची, दहा अश्वशक्तीची पहिली रॉइस गाडी कुक स्ट्रीटच्या वर्कशॉपमधून बाहेर पडली. रॉइस ती चालवत नट्सफर्डच्या आपल्या घरी गेला, पंधराएक मैल. ती दारातून निघाली तेव्हा आतल्या कामगारांनी हातोड्या बडवून एकच गजर केला. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. आमच्या शेडमध्ये नवं मशीन पहिल्यांदा सुरू व्हायचं तेव्हा नारळ फुटायचा आणि मागच्या बाकावरचा कुणीतरी आपसूक ऐरणीवर दोन टोले हाणायचा. तो आवाज ज्यानं ऐकला आहे त्याला मँचेस्टरची ती सकाळ वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

रॉइसचं जेवण ही त्याच्या लोकांना कायमची काळजी होती. कामात शिरला की त्याला खाण्याची शुद्ध राहायची नाही. म्हणून एका पोऱ्याला दुधाचा पेला देऊन त्याच्या मागं पाठवायचे. हा या बाकावरून त्या बाकावर, आणि पोऱ्या दूध सांभाळत मागं. आमच्या घरी ते काम माझं होतं. शाळा सुटली की मी अण्णांचा डबा घेऊन शेडमध्ये जायची. वाटेत सांडलेल्या लोखंडाच्या किसावरून चप्पल जपत, कटिंग ऑइलच्या वासातून. अण्णा लेथच्या फिरत्या चकवर डोळे लावून म्हणायचे, "ठेव तिथं, आलोच." संध्याकाळी आई डबा उघडायची तर भाकरी जशीच्या तशी, कडक झालेली. आई चिडायची, रडायचीही. कामातच जगणाऱ्या माणसाचं कौतुक जगाला सोपं असतं. त्याच्यामागं डबा घेऊन फिरणाऱ्या घराला ते इतकं सोपं नसतं, आणि रॉइसचं घरही पुढं टिकलं नाही. पत्नी मिनी आणि तो वेगळे राहिले.

आता नावातला पहिला माणूस. चार्ल्स रोल्स लॉर्ड लँगाटॉकचा धाकटा मुलगा, ईटन आणि केंब्रिजमध्ये शिकलेला, लंडनमध्ये गाड्या विकणारा. विकायच्या त्या परदेशी गाड्या, आणि इंग्लंडात बनलेली चांगली गाडी मिळत नाही ही त्याला खंत. रॉइसच्या कंपनीतले हेन्री एडमंड्स मधे पडले, आणि ४ मे १९०४ ला मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात दोघांची गाठ पडली. लॉर्डाच्या मुलानं गिरणीवाल्याच्या पोराची गाडी चालवून पाहिली आणि जेवढ्या कराल तेवढ्या मी विकेन म्हणाला. ठरलं, गाडीचं नाव रोल्स-रॉइस. पुढं १९१० मध्ये रोल्सनं विमानातून इंग्लिश खाडी न थांबता जाऊन-येऊन ओलांडली, असं करणारा तो पहिलाच. दीड महिन्यातच, १२ जुलैला, बोर्नमथला विमान कोसळून तो गेला. वय ३२.

नावात रोल्स पुढं, रॉइस मागं. अण्णांना हे खटकलं. पण एक गोष्ट त्यांना फार आवडली. १९०८ मध्ये कारखाना डर्बीला हलला, आणि डर्बीतले लोक आजही कंपनीला 'रॉइसेस' म्हणतात. सगळं जग लाडानं 'रोल्स' म्हणतं, आणि जिथल्या लोकांनी तिथं कानस मारली, तिथं मिस्त्रीचंच नाव चालतं.

ज्या गाडीनं कंपनी मोठी झाली तिच्यापाशी मला जरा रेंगाळायचं आहे. १९०६ मध्ये आलेलं सहा सिलिंडरचं, सात लिटरचं मॉडेल. त्या काळात सहा सिलिंडर म्हणजे डोकेदुखी होती. लांब क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणाऱ्या इंजिनातल्या मुख्य दांड्याला, पीळ बसायचा, ती थरथरायची आणि तुटायची. रॉइसच्या आधीच्या सहा सिलिंडरच्या गाडीलाही हा त्रास झाला होता. त्यानं क्रँक जाड केली, तिला सात बेअरिंगांचा आधार दिला, तेल दाबानं फिरवलं. थरथर गेली. या मालिकेतल्या एका गाडीला, नंबर एएक्स २०१, चंदेरी रंग दिला, चांदीचा मुलामा दिलेलं सामान बसवलं आणि नाव ठेवलं सिल्व्हर घोस्ट. ही कल्पना कंपनीचा कारभार बघणाऱ्या क्लॉड जॉन्सनची. त्याला लोक रोल्स आणि रॉइसमधली संयोगरेषा म्हणत, ते खरंच होतं.

१९०७ मध्ये याच गाडीला लंडन-ग्लासगो रस्त्यावर रात्रंदिवस पळवलं, रविवार तेवढा सोडून. ६२९ मैलांवर हादऱ्यानं पेट्रोलचा कॉक आपोआप बंद झाला म्हणून ती एकदा थांबली, मिनिटभर. तिथून पुढं १४,३७१ मैल आपण होऊन एकदाही थांबली नाही. नंतर परीक्षकांनी सगळं इंजिन खोललं, मापं घेतली. गाडी पुन्हा नव्यासारखी करायला लागलेल्या सुट्या भागांचा खर्च आला २ पौंड, २ शिलिंग, ७ पेन्स. जगातली सर्वोत्तम गाडी हे बिरूद याच सुमारास तिला चिकटलं.

यातली अण्णांना भिडलेली गोष्ट मात्र वेगळीच. चासीचे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचे, तुकडे जोडायला तेव्हा रिव्हेट मारत. रॉइसला ते मान्य नव्हतं. रिव्हेट ठोकली तरी भोक पूर्ण भरत नाही, कुठंतरी केसाएवढी फट राहते आणि खड्ड्याखड्ड्याला ती वाढत जाते, असं त्याचं म्हणणं. म्हणून प्रत्येक भोकाला हातानं टेपर रीमर, म्हणजे भोक नेमकं निमुळतं करणारं हत्यार, मारायचा आणि त्यात तंतोतंत बसणारा टेपर बोल्ट घालायचा. मी वाचून दाखवत होते. अण्णा खाटेवर उठून बसले. "वाच परत." मी परत वाचलं. मग त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घातली, ओढून दाखवली. "बोल्ट जितका ताणशील तितका आत रुततोय. जागाच न्हाई हलायला. दिसत न्हाई कुणाला ते, पण हाय तिथं."

दिसत नाही कुणाला, पण आहे तिथं. यावरून मला आमच्या शेडमधली एक रात्र आठवली. पुण्याच्या एका कंपनीला दोनशे गनमेटलचे बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणाऱ्या धातूच्या नळ्या, द्यायचे होते. आधीचं बिल त्या कंपनीनं सहा महिने दाबून ठेवलेलं, घरात ओढाताण. संध्याकाळी माल क्रेटमध्ये भरून झाला होता. अण्णांनी सहज एक बुश उचलला, मायक्रोमीटर लावला आणि दुसरा उचलला. बोअर, म्हणजे आतलं भोक, दोन थाऊ, इंचाच्या दोन हजारांश भागानं, मोठा येत होता. टूल सरकलं होतं आणि पोराच्या लक्षात आलं नव्हतं. तिकडचा इन्स्पेक्टर दहातला एक बघतो, निघूनही गेलं असतं. अण्णांनी क्रेट जमिनीवर ओतला. आम्ही सगळे, आई धरून, रात्री दोनपर्यंत एकेक बुश मोजत बसलो होतो. चौऱ्याऐंशी बाजूला निघाले. ते भंगारात गेले आणि नवे झाले, पदरच्या पैशानं. आई त्या रात्री चिडली नाही. का, ते तिला कधी विचारायचं राहून गेलं.

आपल्याकडं रोल्स-रॉइस म्हटलं की एक गोष्ट हमखास सांगतात. शोरूममध्ये अपमान झाला म्हणून महाराजांनी गाड्या विकत घेऊन कचरा वाहायला लावल्या. हा महाराजा कधी अलवरचा असतो, कधी भरतपूरचा, कधी पतियाळाचा. कागदाचा आधार कुणी देत नाही. मला या गोष्टीचा राग येतो, कारण तिच्यात गाडी म्हणजे नुसता दोन श्रीमंतांच्या मानापमानाचा प्रश्न उरतो. ती करणारे हात तिच्यात कुठंच नाहीत. आणि तिच्यामुळं खरी गोष्ट मागं पडते, जी आपल्या रस्त्यांवर घडली. १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर अशी मोटारींच्या टिकाऊपणाची चाचणी झाली, घाट चढत-उतरत, सुमारे ६२० मैलांची. त्यात 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची एक सिल्व्हर घोस्ट पहिली आली. पुढं ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विकत घेतली. म्हणजे मँचेस्टरच्या मिस्त्रीचं इंजिन सह्याद्रीनं तपासून घेतलं आणि पसंत केलं.

पुतळीबद्दल अण्णा काही विचारणार नव्हते. मला मात्र तिच्यासाठी थांबावंसं वाटतं. १९११ मध्ये शिल्पकार चार्ल्स साइक्स यांनी ती घडवली, आणि तिच्यासाठी एलिनॉर थॉर्नटन उभी राहिली असं मानतात. लॉर्ड माँटेग्यू या मोटारवेड्या उमरावाची ती सेक्रेटरी, आणि त्यांचं प्रेम होतं, उघड न करता येणारं. पुतळी मेणाच्या साच्यातून ओतायची. आपल्या मूर्तिकारांना हे नवं नाही. मेण वितळून जातं आणि त्याच्या पोकळीत धातू उतरतो. ३० डिसेंबर १९१५ ला हे दोघं 'पर्शिया' नावाच्या जहाजावर होते. जहाज मुंबईला निघालं होतं. माँटेग्यूंना इथल्या लष्करी मोटार वाहतुकीचं काम बघायचं होतं. क्रीटच्या दक्षिणेला, दुपारच्या जेवणाच्या वेळी, जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो लागला आणि काही मिनिटांत जहाज बुडालं. तीनशेंहून जास्त माणसं गेली, एलिनॉर त्यांत होती. माँटेग्यू वाचले. मुंबईच्या रस्त्यावर त्या पुतळीशेजारी चेहरा नेऊन फोटो काढणाऱ्या पोरांना मला हे सांगावंसं वाटत होतं. सांगितलं नाही.

१९११ मध्येच रॉइस मरता मरता वाचला. डॉक्टरांनी आशा सोडली होती. त्यानंतर त्याला डर्बीच्या कारखान्यापासून दूर ठेवलं, कारण तिथं गेला की तो काम करून मरेल याची जॉन्सनला खात्री होती. थंडीत फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि पुढं उन्हाळ्यात ससेक्समधल्या वेस्ट विटरिंग या समुद्राकाठच्या खेड्यात त्याला ठेवत. ड्रॉइंग काढणारी माणसं जवळच राहायची, रोज त्याच्यापुढं कागद यायचे, तो सुधारून परत पाठवायचा. एथेल ऑबिन नावाच्या नर्सनं शेवटपर्यंत, म्हणजे बावीसेक वर्षं, त्याला सांभाळलं. तिच्याविना पुढची इंजिनं झाली नसती, असं मी ठामपणे म्हणेन. विमानांच्या शर्यतीतली श्नायडर ट्रॉफी जिंकणारं 'आर' इंजिन याच काळातलं. ज्या मर्लिन इंजिनावर पुढं दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर ही लढाऊ विमानं लढली, त्याचंही काम त्याच्या हयातीत सुरू झालं होतं. १९३० मध्ये 'सर' झाला तरी स्वतःला तो मेकॅनिकच म्हणवायचा. घरात शेकोटीच्या वर त्यानं एक लॅटिन वाक्य कोरून घेतलं होतं: नीट केलेलं कुठलंही काम, कितीही हलकं असो, थोरच. २२ एप्रिल १९३३ ला तो गेला.

पुढची गोष्ट मी अण्णांना भरभर सांगितली. युद्धानंतर गाड्या क्रू गावात बनू लागल्या. १९७१ च्या फेब्रुवारीत कंपनीचं दिवाळं निघालं, ते गाड्यांमुळं नव्हे. लॉकहीडच्या विमानासाठी आरबी २११ हे इंजिन ठरलेल्या किमतीत द्यायचं कबूल केलं होतं आणि खर्च हाताबाहेर गेला. सरकारनं ती ताब्यात घेतली, गाड्यांचा विभाग वेगळा झाला. १९९८ मध्ये फोक्सवॅगननं ४३ कोटी पौंडांना तो विकत घेतला. त्यांना क्रूचा कारखाना मिळाला, पुतळी मिळाली, पण रोल्स-रॉइस हे नाव विमानाची इंजिनं करणाऱ्या कंपनीकडं होतं. तिनं ते चार कोटी पौंडांना बीएमडब्ल्यूला दिलं. शेवटी तडजोड झाली आणि १ जानेवारी २००३ पासून गाड्या गुडवूडला बनू लागल्या. वेस्ट विटरिंग तिथून काही मैलांवर आहे.

अण्णांनी यातलं फारसं ऐकलं नसावं. कोट्यवधींच्या सौद्यात त्यांना रस नव्हता. त्यांचं मन कोल्हापूरच्या चाचणीवरच अडकलं होतं. अंधारात खाटेवरून त्यांचा आवाज आला, "एकोणीसशे आठ म्हंजे शाहू महाराजांच्या येळेला."

"हो."

"मग गावात आल्यावर गर्दी झाली असंलच. कुणीतरी मिस्त्री खाली बसून आत बघितला असंल बघ."

"असेल की."

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग उठले, दिवा लावला आणि फडताळातला जुना बिस्किटाचा डबा काढला. त्यात त्यांची हत्यारं असतात, शेड भावाकडं गेल्यापासून घरी आणलेली. तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक टेपर रीमर त्यांनी उलगडला, नखानं धार बघितली आणि माझ्या हातात दिला.

"पुसून ठेव," म्हणाले. "गंज धराय लागलाय."